अज्ञात फळ आपल्याच अंगणात



गेले तीन आठवडे इथे काही लिहिलं नाही. कितीजणींनी विचारलं, "काकू, तब्येत बरी आहे ना?" माझी तब्येत उत्तम आहे. पण घरात एक प्रसंग घडला आणि त्यातून सोसायटीत एक वाद उभा राहिला. डोकं जरा शांत झाल्यावरच लिहायचं ठरवलं होतं. आज लिहिते.

आमचं घर मुकुंदवाडीत. रेल्वे स्टेशनच्या बाजूला पूर्वी मोकळी शेतं होती, तिथे आता सोसायट्या झाल्या आहेत. त्यातलीच एक आमची. मागच्या भिंतीला एक उंबर आहे. तो कोणी लावला नाही, आम्ही राहायला आलो तेव्हापासून तो आहेच. पुढच्या बाजूला मुलांचा झोका आणि घसरगुंडी, आणि त्याभोवती नर्सरीतून आणलेल्या झुडपांचं कुंपण. हिरवीगार पानं, जांभळ्या फुलांचे तुरे, पावसाळा सरत आला की पिवळ्याधमक मण्यांचे घोस. येणारा-जाणारा प्रत्येक जण म्हणायचा, "काय सुंदर झाड आहे!" मीसुद्धा म्हणायचे. त्याचं नाव मात्र आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

एके दिवशी संध्याकाळी माझा पाच वर्षांचा नातू आणि शेजारची छोटी तिथे भातुकली खेळत होते. त्यांच्या इवल्याशा ताटलीत मी ते पिवळे मणी पाहिले. "काय रे हे?" विचारलं तर म्हणाला, "आजी, बुंदी!" मी हसले आणि आत गेले. चोविहारची वेळ होत आली होती, स्वयंपाक आवरायचा होता. तासाभराने पोराला उलट्या सुरू झाल्या. मग अंग तापलं, मग असा गुंगून गेला की हाक मारली तरी डोळे उघडेना. सूनबाई आणि मी त्याला उचलून दवाखान्यात पळालो. डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "काय खाल्लं?" म्हटलं, "एक फळ." "कोणतं?" त्यावर आम्हा दोघींकडे उत्तर नव्हतं. माझ्या मुलाने घरी जाऊन फांदी तोडून आणली, तेव्हा कळलं की ते ड्युरांटा. रात्रभर सलाईन लावलं, सकाळी पोराने डोळे उघडून पाणी मागितलं. देवाची कृपा म्हणा किंवा त्याचं पुण्य म्हणा, चारच मणी पोटात गेले होते. छोटीने तर तोंडात घालून लगेच थुंकले होते.

त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर नवकार जपत बसले होते आणि मनात एकच शब्द घोळत होता, अज्ञात फळ.

मैत्रिणींनो, बावीस अभक्ष्य आपण लहानपणी पाठ केलेले असतात. कांदा-बटाटा, लोणी, मध, वांगं, रात्रिभोजन हे सगळं आपल्या तोंडावर असतं. त्याच यादीत 'अज्ञात फळ' आहे. ज्याचं नाव ठाऊक नाही, गुण ठाऊक नाही, ते फळ खायचं नाही. श्वेतांबर असो की दिगंबर, यादीत थोडा फरक असेल, पण हे सगळीकडे आहे. वंकचूलाची कथा महासतीजींच्या व्याख्यानात आपण सगळ्यांनीच ऐकली आहे. दरोडेखोरांचा म्होरक्या. मुनींनी जाताना त्याला चार साधे नियम दिले, त्यातला पहिला हाच. पुढे जंगलात उपाशी टोळीला सुंदर फळं दिसली. याने विचारलं, "नाव काय?" कुणालाच सांगता येईना. तो थांबला आणि वाचला, बाकीचे खाऊन मेले. ते किंपाक फळ होतं. उत्तराध्ययन सूत्रात विषयसुखाला याच फळाची उपमा दिली आहे: दिसायला मोहक, चवीला गोड आणि परिणामी प्राणघातक.

आपण या कथेचा अर्थ नेहमी ताटापुरता लावतो. बाजारातलं अनोळखी फळ घरी आणत नाही, झालं. पण जे फळ आपण खाणार नाही, ते आपल्या अंगणात लावताना मात्र नावसुद्धा विचारत नाही. नर्सरीवाला म्हणतो, "शोभेचं आहे, पाणी कमी लागतं, जनावरं तोंड लावत नाहीत," आणि आपण खूश होतो. जनावरं तोंड का लावत नाहीत, हा प्रश्न त्याच वेळी आपल्याला पडायला हवा होता.

ड्युरांटा मूळचा अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशातला. त्याच्या फळांत आणि पानांत सॅपोनिन नावाची द्रव्यं असतात. त्यांनी लहान मुलांना, कुत्र्या-मांजरांना विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. बुलबुल मात्र तीच फळं मजेत खातात. म्हणूनच आपली फसगत होते. "पाखरं खातात की, मग काय होतंय!" हे वाक्य मी याच सोसायटीत दहा वेळा ऐकलं आहे. पक्षी बहुधा फळ अख्खं गिळतो, गर पचवतो आणि बी तसंच बाहेर टाकतो. झाडाला तेच हवं असतं, बी दूर पोचवणारा हमाल. आपली मुलं फळ चावतात. शिवाय त्यांचं शरीर पक्ष्यासारखं नाही. पाखरू खातं म्हणून माणसाला चालेल, हा हिशेबच चुकीचा आहे.

आणि पाखरांनाही सगळं पचतं असं नाही. 2009 साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात वॅक्सविंग नावाचे कितीतरी पक्षी एकाच ठिकाणी मरून पडले. तपासल्यावर त्यांच्या पोटात नंदिना या शोभेच्या झुडपाची लाल फळं भरलेली सापडली. त्या फळांत सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात. थोडी खाल्ली तर निभावतं, पण हे पक्षी भुकेने बकाबका खातात. कोणाच्या तरी बागेची शोभा, आणि पंचेंद्रिय जिवांचा असा अंत.

माझी भाची सिॲटलला असते. नातवाचं कळल्यावर तिने तिच्या घरामागच्या एका झाडाचा फोटो पाठवला. काटेरी चकचकीत पानं, लालबुंद फळं. नाताळच्या चित्रांत, शुभेच्छापत्रांवर आपण पाहतो तेच, त्याला हॉली म्हणतात. युरोपातल्या त्याच्या मायभूमीत हिवाळ्यात दुसरं काही मिळत नाही, तेव्हा पक्ष्यांना त्या फळांचा मोठा आधार असतो. माणसाने मात्र ती फळं खाल्ली तर उलट्या-जुलाब. तिकडच्या लोकांनी सणाच्या सजावटीसाठी ते झाड युरोपातून अमेरिकेत नेलं. पक्ष्यांनी फळं खाल्ली, बिया जंगलात टाकल्या, आणि आता सिॲटलच्या आसपासच्या जंगलात तेच तण झालं आहे. दाट सावलीखाली तिथली मूळची झुडपं दबून जातात.

ऐकताना घाणेरीची आठवण आली ना? आपल्याकडे हेच घडलं. घाणेरी, कुणी टणटणी म्हणतं, तीही शोभेसाठीच आणली होती, इंग्रजांच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात. आज वेरूळला जाताना घाटात दोन्ही बाजूंना पाहा. काळी टपोरी फळं बुलबुल खातो आणि डोंगरभर बी पेरतो. गाई-गुरांनी पाला खाल्ला तर यकृत बिघडतं, कावीळ होते, उन्हाने कातडी सोलवटते. गवत मरतं, मग गवतावर जगणारे प्राणी उपाशी. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाप्रमाणे देशात वाघ असलेल्या जंगलांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त भागात घाणेरी शिरली आहे. एका बागेसाठी आणलेलं रोप, आणि दोनशे वर्षांनी ही अवस्था.

परदेशी झाडंच वाईट असं मी म्हणत नाही. आपली गुंज बघा. लाल दाणा, त्यावर काळा ठिपका. आपल्या सराफ घरांत गुंजेने सोनं तोललं जायचं, आठ गुंजांचा मासा, बारा मासे म्हणजे तोळा. माझ्या माहेरी आजोबांच्या डबीत मूठभर गुंजा होत्या. तोच दाणा चावून किंवा फोडून पोटात गेला तर जिवावर बेततो. पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्या आपण लहानपणी खेळलो, त्यांचं विष थेट हृदयावर परिणाम करतं. आणि चंद्रज्योत! डिझेलला पर्याय म्हणून 2003 च्या सुमारास हिचा मोठा गाजावाजा झाला, बांधाबांधावर लागली. शाळेच्या कुंपणाजवळच्या चंद्रज्योतीच्या बिया खाऊन मुलांना विषबाधा, ही बातमी दर थोड्या दिवसांनी पेपरात असतेच. बी चवीला शेंगदाण्यासारखी, म्हणून मुलं आणखी खातात.

फरक एवढाच, की आजोबांना गुंज काय आहे ते माहीत होतं. डबी वरच्या फळीवर असायची आणि आम्हाला हात लावायची बंदी होती. विष घरात होतं, पण ते अज्ञात नव्हतं.

आता सोसायटीच्या वादाकडे येते.

नातवाच्या प्रसंगानंतर बैठक झाली. वाटलं, ड्युरांट्याबद्दल बोलणं होईल. विषय निघाला उंबराचा. फळं गाड्यांवर पडतात, चिलटं होतात, रात्री वटवाघळं येतात, फरशी खराब होते. "फळझाडांचा त्रासच आहे, तेव्हा आधी हे मोठं काढा," असा सूर. सगळ्यात मोठा आवाज कुणाचा होता सांगू? आपल्याच दोन घरांचा. एक भाऊ म्हणाले, "उंबर तर आपल्यात अभक्ष्यच आहे. आपल्या काय कामाचा?"

मला तेव्हा बोलता आलं नाही, रडू आलं. आता बोलते.

वड, पिंपळ, उंबर, पाखर आणि काळा उंबर ही पाच फळं आपण खात नाही, हे खरं. का खात नाही? उंबराचं फूल दिसत नाही म्हणतात, कारण फुलं फळाच्या आतच असतात. एक इवलीशी माशी बारीक छिद्रातून आत शिरते, तिच्यामुळे परागीभवन होतं, तिथेच ती अंडी घालते, तिची पिल्लं तिथेच वाढतात. जुन्या मराठीत उंबरातल्या या किड्यांना केंबरं म्हणत. म्हणजे ते फळ म्हणजे त्रस जिवांचं घर आहे. आपल्या पूर्वजांनी ते पाहिलं, आणि आपण ते घर तोंडात घालायचं नाही असं ठरवलं. तो निषेध झाडाचा नाही, आपल्या जिभेचा आहे. त्या फळात जीव आहेत म्हणून खायचं नाही, आणि झाड मात्र मुळासकट तोडायचं, हा कुठला न्याय?

आपण सोडलेलं ते फळ कोणाचं ताट आहे ते बघा. उंबर वर्षातून अनेकदा फळतो. बाकी झाडं रिकामी असतात तेव्हाही याच्या खोडाला घोस असतात. आमच्या उंबरावर मी स्वतः पाहिलेले: बुलबुल, कोकीळ, तांबट, खार, रात्री वटवाघळं, आणि दोन वर्षांपूर्वी एका पहाटे हिरव्या-पिवळ्या कबुतरांचा थवा. तो हरियल होता, आपल्या महाराष्ट्राचा राज्यपक्षी. हा पक्षी मुख्यतः वड, पिंपळ, उंबराच्या फळांवरच जगतो. म्हणजे आपल्या अभक्ष्याच्या यादीतली पहिली पाच नावं ही पाखरांच्या भक्ष्याच्या यादीतली पहिली नावं आहेत. मला तर यात धर्माची फार सुंदर वाटणी दिसते. आपण हात मागे घेतला, त्यांचं पोट भरलं.

वेरूळच्या बत्तीस नंबरच्या लेण्यात, इंद्रसभेत, पुन्हा गेलात तर नीट बघा. सिंहावर बसलेल्या अंबिकादेवीच्या डोक्यावर आंबा आहे आणि हत्तीवर बसलेल्या यक्षाच्या डोक्यावर वड. ज्या वडाचं फळ आपण खात नाही, त्याची छाया शिल्पकाराने यक्षाच्या डोक्यावर धरली. पहिले तीर्थंकर ऋषभदेव यांना केवलज्ञान झालं तेही वडाखाली. अभक्ष्य म्हणजे निरुपयोगी असं आपल्या धर्मात कुठेच नाही.

सहा लेश्यांचं चित्र आपल्या स्थानकांत लावलेलं असतं. जांभळाचं झाड आणि सहा भुकेले. पहिला म्हणतो मुळापासून तोडू, दुसरा मोठ्या फांद्या, तिसरा लहान फांद्या, चौथा घोस, पाचवा फक्त पिकलेली फळं, आणि सहावा म्हणतो, खाली पडलेली पुरेत. आमच्या बैठकीत मला पहिल्याचाच आवाज ऐकू येत होता. आणि तोही भूक लागली म्हणून नव्हे, गाडी धुवावी लागते म्हणून.

"मग ड्युरांटा काढा असं तुम्ही कशाला म्हणता? तीही वनस्पतीच, त्यातही जीव," असं एका वहिनींनी मला नंतर विचारलं. प्रश्न बरोबर आहे आणि त्याने मला दोन रात्री झोप दिली नाही. झुडूप उपटणं ही हिंसाच आहे, मी ते नाकारणार नाही. पण श्रावकाच्या व्रतांत अनर्थदंडही आहे, म्हणजे कारण नसताना केलेली किंवा होऊ दिलेली हानी. विष आणि शस्त्र दुसऱ्याच्या हाती लागू देणं त्यातच येतं. मुलांच्या झोक्याजवळ विषारी फळ पिकवून ठेवणं, तेही माहीत झाल्यावर, हे मला त्याहून वेगळं वाटत नाही. माहीत नव्हतं तोवर चूक होती, आता माहीत असून ठेवलं तर दोष आहे.

मार्ग जयणेचा आहे. झुडपं एकदम उपटून जाळायची गरज नाही. ड्युरांटा वेळच्या वेळी छाटत राहिलं तर फुलावर येत नाही, आणि फूल नाही तर फळ नाही. झोक्याजवळची रांग मात्र हळूहळू कमी करून तिथे मेंदी लावावी, जास्वंद लावावी. मेंदीचं कुंपण आपल्या आज्यांच्या वाड्यांना असायचंच. आणि खरी जयणा लावण्याआधीची. रोप घेताना नाव विचारा, फळ-पान-चीक विषारी आहे का ते विचारा. उत्तर मिळालं नाही तर ते 'अज्ञात फळ' समजा आणि तिथेच ठेवा. एकदा लावल्यावर काढण्यात हिंसा आहे, न लावण्यात काहीच नाही.

उंबराचं म्हणाल तर गाड्या दुसरीकडे लावता येतील. खाली जाळी बांधता येईल. पडलेली फळं सकाळी हळुवार झाडून झाडाच्याच बुंध्याशी टाकता येतील, म्हणजे आतले जीव पायाखाली चिरडणार नाहीत. मी रोज अर्धा तास द्यायला तयार आहे. आणि कायद्याचंही ऐका. 1975 च्या कायद्याप्रमाणे शहरातलं झाड महानगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही, मग ते आपल्या आवारातलं का असेना. सोसायटीने ठराव केला म्हणून कुऱ्हाड चालवता येत नाही.

आयांनो, आज्यांनो, शेवटी एक घरगुती गोष्ट. मुलाने अनोळखी फळ खाल्लं तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला बसू नका. तोंडातलं उरलेलं काढा, चूळ भरायला लावा, लगेच दवाखान्यात न्या किंवा 108 ला फोन करा. आणि त्या झाडाची फांदी, पान, फळ बरोबर न्या. आमची ती फेरी वाचली असती तर अर्धा तास वाचला असता. मुलांना "हात लावू नको" एवढंच सांगून भागत नाही. त्यांना नावं शिकवा. माझा नातू आता सोसायटीतल्या अकरा झाडांची नावं घेतो, आणि ड्युरांट्यापाशी थांबून पाहुण्यांना सांगतो, "ही बुंदी नाही."

येत्या रविवारी पुन्हा बैठक आहे. उंबराचा विषय पहिला आहे. या वेळी मी रडणार नाही, हा लेख छापून नेणार आहे. आमच्या आसपास राहणाऱ्या ज्या बहिणी हे वाचत असतील, त्यांनी आपापल्या अंगणात, स्थानकाच्या आवारात, मुलांच्या शाळेच्या कुंपणाशी एकदा फेरी मारा. जे फळ दिसेल त्याचं नाव विचारा. आणि कुठे वड-पिंपळ-उंबर तोडायचं चाललं असेल, तर "आपण खात नाही" म्हणून गप्प बसू नका. आपण खात नाही म्हणूनच तो राखायची जबाबदारी आपली जास्त.

कुणाचं मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र!